श्रोत्यांचा सूर

गाणे गायकाचे, असे आपण म्हणतो. परंतु मैफल जितकी कलावंताची, तितकीच ती श्रोत्यांचीही असते, असे मला वाटते. म्हणूनच भरल्या सभेत मुद्रित केलेल्या तबकडीत श्रोत्यांचे कौतुक उमटते, आणि कधी कधी त्यांचे अज्ञानही.

1971 साली पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगला देशातून, लक्षावधी निर्वासित भारतात येत होते. त्यांची दैना पाहून पंडित रविशंकर व्यथित झाले. त्यांनी बीटल्स वाद्यवृंदातील आपला मित्र जॉर्ज हॅरिसन याला साद घातली. 1 ऑगस्ट रोजी न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोन मैफली झाल्या. आरंभी रविशंकरांची सतार, अली अकबर खाँ यांचा सरोद आणि अल्लारखाँ यांचा तबला होता. वाद्ये सुरात लावून होतात न होतात, तोच टाळ्यांचा कडकडाट झाला! श्रोत्यांना तेच वादन वाटले. रविशंकरांनी हसतमुखाने आभार मानून खरे वादन पुढेच आहे, हे सुचविले.

पुढे या मैफलींच्या तीन तबकड्यांचा संच निघाला. त्या टाळ्या त्यातून गाळल्या नाहीत, हे मला फार मोलाचे वाटते. लोकांनी संच उचलून धरला; 1973 साली त्याला ग्रॅमी पुरस्कार लाभला. कराच्या वादात काही पैसा वर्षानुवर्षे अडकला. तरी युनिसेफमार्फत निर्वासितांना साहाय्य मिळाले.

त्या श्रोत्यांना हसणे सोपे आहे. पण कृष्णाकाठच्या आपण सातारा-सांगलीकरांनी आधी स्वतःला विचारावे. आपल्या मिरजेत दीडशेहून अधिक वर्षे सतारी व तंबोरे घडत आले आहेत. 2024 साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याच्या तारेखाली सुताचा दोरा किंचित सरकवताच नाद कसा खुलतो, हे आपल्यापैकी किती जणांनी कान देऊन ऐकले आहे? वाद्य शेजारी घडते, एवढ्याने कान तयार होत नाही.

न्यूयॉर्कचे श्रोते चुकले; परंतु अनोळखी सुरांचे त्यांनी मोकळ्या मनाने स्वागत केले, आणि पुढचे वादनही ऐकले. न ऐकताच नाक मुरडणाऱ्यापेक्षा असा श्रोता शतपटीने बरा. जाण ऐकता ऐकता येते. आधी ऐकण्याची इच्छा मात्र हवी. जाणता श्रोता असेल, तरच मिरजेच्या कारागिराच्या हाताला काम राहील.