'छिन्नमनस्क' : एका उसन्या विशेषणाविरुद्ध

मराठी समीक्षेत काही शब्द असे स्थिरावले आहेत की, ते का वापरले असे विचारणेच असभ्यपणाचे वाटावे. 'स्किझोफ्रेनिक' किंवा त्याचे मराठी रूप 'छिन्नमनस्क' हा त्यांपैकी एक. नायक गाव सोडून शहरात आला आणि दोन्हीकडे परका झाला की तो छिन्नमनस्क. इंग्रजीत शिकून मराठीत लिहिणारा लेखक छिन्नमनस्क. परंपरा आणि आधुनिकता यांच्या कात्रीत सापडलेला समाज तर छिन्नमनस्क असतोच. प्रबंधांतून आणि चर्चासत्रांतून हे विशेषण इतक्या सहजपणे फिरते की, ते एका आजाराचे नाव आहे याचा विसर पडावा. हा विसर निरुपद्रवी नाही, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे. प्रश्न शिष्टाचाराचा आहेच. पण त्याआधी तो समीक्षेच्या अचूकतेचा आहे.

प्रथम अर्थ पाहू. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये ही संज्ञा मांडली. तिच्यातील दुभंग म्हणजे एका देहातील दोन व्यक्ती नव्हेत. विचाराला विचाराशी जोडणारे धागे सैल होणे, विचार आणि भावना यांची सांगड सुटणे, हे त्यांना अभिप्रेत होते. दोन संस्कृतींत ओढल्या जाणाऱ्या माणसाला दोहोंचेही भान असते; ते नसते तर ओढाताण झालीच नसती. म्हणजे आपले समीक्षक ज्याला छिन्नमनस्कता म्हणतात ते द्वंद्व होय, आणि द्वंद्वाला मराठीत द्वंद्व हा शब्द पूर्वीपासून आहे.

ही उसनवारी कोठून झाली हे उघड आहे. आर. डी. लैंग यांचे 'द डिव्हायडेड सेल्फ' (१९६०), देलझ आणि ग्वातारी यांचे 'अँटी-ईडिपस' (१९७२) आणि फ्रेडरिक जेमसन यांचे उत्तर-आधुनिकतेवरील १९८० च्या दशकातील निबंध ही तिची उगमस्थाने. जेमसन लाकाँकडून चिन्हकांची साखळी तुटण्याची कल्पना घेतात. परंतु आपण ती वर्णनापुरती घेत आहोत, निदान करीत नाही, असे ते बजावतात. देलझ-ग्वातारीही त्यांना अभिप्रेत असलेली 'प्रक्रिया' आणि रुग्णालयातील खचलेला रुग्ण यांत भेद करतात. (ग्वातारी स्वतः ला बोर्द येथील मनोरुग्णालयात काम करीत होते, हे त्यांचे आपल्याकडील भक्त क्वचितच सांगतात.) संज्ञा आयात झाली, इशारा मात्र जकातनाक्यावरच राहिला.

गंमत अशी की, ज्या ठिकाणी साहित्याच्या अभ्यासकाला खरोखर काही विचारता आले असते, तेथे आपण पोहोचलोच नाही. या आजाराचे सर्वपरिचित लक्षण म्हणजे कोणी बोलत नसताना ऐकू येणारे आवाज. पुष्कळदा ते रुग्णाविषयी तृतीय पुरुषात बोलतात : आता तो उठला, आता दाराकडे निघाला. निवेदनमीमांसा शिकवणाऱ्याने येथे थबकायला हवे. कादंबरीतील सर्वसाक्षी निवेदक पात्राला ऐकू येत नाही, या संकेतावर तर आपले सारे शास्त्र उभे आहे; येथे तो ऐकू येतो, आणि त्याला गप्प करता येत नाही. दुसरे लक्षण भ्रमाचे. वर्तमानपत्रातील मथळा, एस.टी.च्या पाटीवरील आकडा, शेजाऱ्याचे खोकणे, सारे आपल्यालाच उद्देशून आहे अशी अढळ खात्री. अर्थ हरवणे हे आधुनिक साहित्याचे दुखणे मानले जाते. येथे तो उतू जातो. ज्यांना जेमसनच्या आधारे अर्थशून्यतेचे विवेचन करायचे असते त्यांना ही गोष्ट गैरसोयीची आहे.

उरलेली लक्षणे समीक्षेच्या मुळीच कामाची नाहीत, म्हणून ती कोणी उच्चारत नाही. बोलणे आटते. चेहऱ्यावरचे भाव मावळतात. अंघोळ करावी, कोणाला भेटावे, असे वाटेनासे होते. आवाज औषधाने शमले तरी ही स्थिती वर्षानुवर्षे टिकू शकते, आणि घरचे लोक तिला आळस म्हणतात. तिच्यात नाट्य नाही, बंड नाही, प्रतिभेचा स्फोटही नाही. नॅन्सी अँड्रियासन या इंग्रजी साहित्यात पीएच. डी. करून मनोविकारशास्त्राकडे वळल्या. लेखक आणि हा आजार यांचे नाते सापडेल या अपेक्षेने त्यांनी आयोवा येथील लेखन-कार्यशाळेतील ३० लेखकांचा अभ्यास केला. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आढळले ते नैराश्यादी भावविकार. 'वेड आणि प्रतिभा' या विषयावर व्याख्याने देणाऱ्यांनी एवढे तरी वाचावे.

आपल्याच खानदेशातला पांडुरंग सांगवीकर घ्या. 'कोसला'च्या (१९६३) या नायकाला हे विशेषण चिकटवण्याचा मोह होतो. पण त्याचे तुटलेपण उपरोधाने धारदार झालेले आहे, आणि उपरोधाला बोलणे व आशय यांतील अंतराचे पक्के भान लागते. मनीच्या मृत्यूनंतर त्याचे निवेदन विस्कटते ते शोकाने. शोकाला रोगाचे नाव दिले की कादंबरीने भाषेत केलेले काम दिसेनासे होते.

आता कारणांकडे. समीक्षकाला कारण समाजात सापडलेले आवडते. तसे झाले की रुग्ण हा समाजावरचे भाष्य ठरतो. या आवडीची किंमत कोणी मोजली? फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी १९४८ मध्ये हा आजार निर्माण करणाऱ्या आईची कल्पना मांडली आणि पुढची काही दशके पश्चिमेत असंख्य आया आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. ती कल्पना आज टाकून दिली गेली आहे. जुळ्यांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ८० टक्के मानला जातो. तरीही एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार असता दुसऱ्याला तो साधारण निम्म्या किंवा त्याहून कमी वेळा होतो, म्हणजे जनुकांवर सारे संपत नाही. जन्मवेळची गुंतागुंत, कोवळ्या वयातील गांजा, स्थलांतर, महानगरातील वाढ यांनी धोका वाढतो. स्थलांतराचे नाव ऐकून आपले समीक्षक सुखावतील. पण एखाद्या परिस्थितीने धोका वाढणे वेगळे आणि आजार हा त्या परिस्थितीचा अर्थ असणे वेगळे.

या आजाराला मराठीत गांभीर्याने वाचा फोडण्यात धुळ्याचे जगन्नाथ वाणी यांचा वाटा मोठा आहे. कॅनडात कॅलगरी येथे संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या वाणींच्या पत्नीला हा आजार होता, आणि ही गोष्ट त्यांनी लपवली नाही. पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आणि सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (२००४) यांमागे त्यांची प्रेरणा होती. 'देवराई'वर बोलताना आपण बहुधा राईच्या प्रतीकात रमतो : गहन अरण्य म्हणजे शेषचे मन, इत्यादी. चित्रपट स्वतःही या वाचनाला थोडी फूस देतो, हा त्याचा दोष. त्याचे बळ बहिणीच्या कथेत आहे. भावाला घरी आणल्यावर संसार, नवरा आणि भाऊ यांत तिची जी दमछाक होते तिच्यात. त्या दमछाकीला प्रतीकाची गरज पडत नाही.

ज्यांना हे सारे दूरचे वाटते त्यांच्यासाठी दोन गोष्टी. राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. खानदेशात त्यांपैकी एकही नाही. एरंडोलच्या परिसरातील कुटुंब आधी भगताकडे जाते त्याला हा भूगोलही कारण आहे. दुसरी गोष्ट, हा आजार बहुधा किशोरवयाच्या अखेरीपासून पंचविशी-तिशीपर्यंत प्रकट होतो, म्हणजे नेमका आपल्या पदव्युत्तर वर्गांच्या वयात. उपचाराला जितका उशीर, तितके सावरणे अवघड. फळ्यावर 'छिन्नमनस्क' लिहून त्याखाली संस्कृतिसंकराची उदाहरणे देणाऱ्या प्राध्यापकासमोर ज्याला आवाज ऐकू येऊ लागले आहेत असा एखादा विद्यार्थी बसलेला असू शकतो, आणि त्या तासाला तो एवढेच शिकतो की हा शब्द आपल्याविषयी नाही.

यावर आक्षेप येईल की, रूपक हा भाषेचा अधिकार आहे. समीक्षकाने डॉक्टरांची परवानगी का घ्यावी? घेऊ नये. 'वेड' आणि 'पिसे' हे शब्द मराठीने शतकानुशतके प्रेमाने वापरले. वारीचे वेड म्हणताना कोणी कोणाचे निदान करीत नाही. 'स्किझोफ्रेनिक' हा शब्द मात्र त्याच्या शास्त्रीय दबदब्यासाठी आणलेला असतो. शास्त्राचा अधिकार हवा आणि रूपकाची मोकळीकही हवी, हे एकाच वेळी मागता येत नाही. महानुभावांच्या गद्याकडे पाहा. ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू लोकांना वेडे दिसत. अनुयायी त्यांना ईश्वर मानत. लीळांनी त्यांचे वागणे, हट्ट, असंबद्ध वाटणारे बोलणे जसेच्या तसे नोंदवले, आणि 'राऊळ वेडे' म्हणणाऱ्यांनाही त्याच पानांत जागा दिली. आजच्या अभ्यासकाने त्या पानांवर निदानाचा शिक्का मारला तर त्याला ना वैद्यक कळले असेल, ना गोविंदप्रभू.