९७ विजय, ४३ विजय आणि पैशाचा वाद

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचा २०२५ चा हंगाम १ नोव्हेंबरच्या रात्री कॅनडातील टोरांटो शहरात संपला. अकराव्या डावापर्यंत लांबलेल्या निर्णायक सामन्यात लॉस एंजेलिस डॉजर्सने टोरांटो ब्लू जेजला ५-४ असे नमवले आणि सलग दुसऱ्या वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकली. लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवणारा संघ या खेळाने २००० सालानंतर पाहिला नव्हता. डॉजर्स हा सर्वाधिक खर्च करणारा संघही आहे. त्यामुळे या विजयाबरोबर एका जुन्या वादाला नवी धार आली : बेसबॉलचे विजेतेपद विकत मिळते काय?

या प्रश्नाला व्यावहारिक महत्त्व आहे. संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो. नव्या करारात संघांच्या वेतनखर्चावर कमाल मर्यादा असावी, हा विचार मालकांच्या गोटात बळावला आहे. संघटनेचा तिला अनेक दशकांपासून कडवा विरोध आहे. तडजोड झाली नाही, तर २०२७ चा हंगाम अडचणीत येऊ शकतो. दोन्ही बाजू आपापल्या समर्थनासाठी आकड्यांचा आधार घेतात. म्हणूनच २०२५ च्या हंगामाने मागे ठेवलेले काही विस्मयकारक आकडे नीट वाचण्यासारखे आहेत.

भारतीय वाचकाला कमाल मर्यादेची कल्पना आयपीएलमुळे परिचित आहे. २०२५ च्या हंगामाआधीच्या महालिलावात प्रत्येक संघाला १२० कोटी रुपयांची मर्यादा होती. लखनौने ऋषभ पंतवर २७ कोटी खर्च केले, तेव्हा उरलेला संपूर्ण संघ ९३ कोटींत बसवणे त्यांना भाग होते. अमेरिकेतील फुटबॉल, बास्केटबॉल आणि आइस हॉकी या प्रमुख लीगमध्येही कोणत्या ना कोणत्या स्वरूपाची मर्यादा आहे. बेसबॉल तेवढे अपवाद. तेथे ठरावीक रकमेच्या पुढे खर्च करणाऱ्या संघाला कर भरावा लागतो. २०२५ मध्ये ही सीमारेषा २४.१ कोटी डॉलर होती. डॉजर्सने ती इतकी ओलांडली, की त्यांना सुमारे १७ कोटी डॉलर केवळ करापोटी मोजावे लागले. त्यांच्या शोहेई ओहतानीचा दहा वर्षांचा करार ७० कोटी डॉलरचा आहे आणि त्यातील ६८ कोटी त्याला करारकाळ संपल्यानंतर मिळायचे आहेत.

एवढ्यावरून मालकांचा युक्तिवाद बिनतोड वाटतो. मात्र गुणतक्ता उघडला, की चित्र बदलते.

प्रत्येक संघ साखळीत १६२ सामने खेळतो. २०२५ मध्ये तीस संघांत सर्वाधिक, म्हणजे ९७ विजय मिळवले ते मिलवॉकी ब्रूअर्सने. मिलवॉकी हे या लीगमधील सर्वांत छोट्या बाजारपेठांपैकी एक. ब्रूअर्सचा संपूर्ण वेतनखर्च डॉजर्सने भरलेल्या कराच्या रकमेपेक्षाही कमी होता. स्वतः डॉजर्स ९३ विजयांसह एकूण क्रमवारीत पाचव्या स्थानी राहिले. साखळीत हे दोन संघ सहा वेळा समोरासमोर आले आणि सहाही वेळा ब्रूअर्स जिंकले.

गुणतक्त्याचे दुसरे टोक त्याहून बोलके आहे. कोलोराडो रॉकीज हा संघ १६२ पैकी केवळ ४३ सामने जिंकू शकला. त्याने हंगामात ५९७ धावा केल्या आणि १,०२१ दिल्या. ४२४ धावांची ही तूट १९०० नंतरच्या बेसबॉलमधील सर्वांत मोठी ठरली. रॉकीजचा वेतनखर्च नगण्य होता असे नाही. ब्रूअर्स आणि रॉकीज, दोघेही खर्चाच्या क्रमवारीत खालच्या अर्ध्या भागातले. ढोबळमानाने सारख्याच ऐपतीत एकाने ९७ सामने जिंकले, तर दुसऱ्याने ४३. ५४ विजयांच्या या अंतराचे उत्तर खेळाडूंची पारख, प्रशिक्षण आणि व्यवस्थापन यांत शोधावे लागते.

खर्चाच्या वरच्या टोकालाही असाच दाखला सापडतो. न्यूयॉर्क मेट्सने हुआन सोटोशी १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलरचा करार केला. सोटोने ४३ होमरन मारले, ३८ बेस चोरले. त्याच्या बाजूने उणीव राहिली नाही. जूनच्या मध्यास ४५ विजय आणि २४ पराभव अशा स्थितीत मेट्स सर्व संघांच्या पुढे होते. त्यानंतर त्यांची घसरण सुरू झाली आणि ८३ विजयांवर गाडी थांबली. सिनसिनाटी रेड्सचेही तेवढेच विजय होते; परस्परांतील सामन्यांच्या निकषावर बाद फेरीची जागा रेड्सला मिळाली. शेवटच्या दिवशी एक विजय मेट्सला पुरेसा ठरला असता. त्या दिवशी त्यांना ४-० असे हरवले ते मायामी मार्लिन्सने, म्हणजे वेतनखर्चाच्या यादीत तळाशी असलेल्या संघांपैकी एकाने.

मग अखेरीस डॉजर्सच का जिंकले? याचे एक उत्तर बाद फेरीच्या स्वरूपात आहे. १६२ सामन्यांत दैवाचे पारडे हळूहळू समतोल होते; सात सामन्यांच्या मालिकेत त्याला तेवढा अवधी मिळत नाही. साखळीत डॉजर्सला सहा वेळा हरवणारे ब्रूअर्स नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेत त्यांच्याकडूनच ०-४ असे पराभूत झाले. चार सामन्यांत मिळून त्यांच्या धावा झाल्या चार, प्रत्येकी एक. वर्ल्ड सिरीजमध्ये तर सात सामन्यांत मिळून ब्लू जेजने ३४ धावा केल्या आणि डॉजर्सने २६. अधिक धावा करणारा संघ हरला, कारण विजय सामन्यागणिक मोजले जातात. तिसरा सामना अठरा डावांपर्यंत रंगला आणि एका धावेने डॉजर्सकडे गेला. सातवाही एकाच धावेने. यातील एका सामन्याचा निकाल फिरला असता, तर आदल्या वर्षी आपल्या गटात शेवटच्या स्थानी राहिलेले ब्लू जेज विजेते म्हणून मिरवले असते आणि पैशाविषयीची चर्चा कदाचित वेगळ्या सुरात झाली असती.

तरीही पैसा निष्प्रभ आहे, हा निष्कर्ष उतावळेपणाचा ठरेल. डॉजर्स २०१३ पासून सलग तेरा वर्षे बाद फेरीत पोहोचले आहेत. एखाद्या वर्षी नशीब साथ देत नाही. दरवर्षी दार ठोठावणाऱ्याला ते कधीतरी उघडते. आणीबाणीच्या प्रसंगी हाताशी कोण आहे, हेही पैशावर ठरते. ३२.५ कोटी डॉलरच्या करारावर जपानहून आणलेल्या योशिनोबू यामामोतोने वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना पिचर म्हणून जिंकून दिला आणि दुसऱ्याच रात्री पुन्हा मैदानात उतरून सातवाही सर केला. याउलट, ब्रूअर्सला आजवर एकदाही वर्ल्ड सिरीज जिंकता आलेली नाही. पैशाने विजेतेपदाची हमी मिळत नसली, तरी संधींची संख्या वाढते, एवढे मान्य करावे लागते.

परंतु २०१५ ते २०२४ या दहा वर्षांत आठ वेगवेगळे संघ विजेते झाले, हेही त्याच हिशेबात धरावे लागेल. मर्यादेविना चाललेल्या लीगमध्ये एवढी विविधता टिकली असेल, तर मर्यादा नेमकी कोणता रोग बरा करणार, हा संघटनेचा प्रश्न रास्त ठरतो.

रोग असलाच, तर त्याची लक्षणे तळाशी अधिक ठळक दिसतात. पिट्सबर्ग पायरेट्सच्या पॉल स्कीन्सने २०२५ मध्ये दर नऊ डावांमागे सरासरी केवळ १.९७ धावा दिल्या. संपूर्ण लीगमध्ये त्याच्याइतकी सरस कामगिरी कोणाचीही नव्हती आणि सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार नॅशनल लीगमध्ये त्याला एकमताने मिळाला. त्याच्या नावावर विजय मात्र १० आणि पराभवही १०. पिचरने धावा रोखल्या, तरी संघाने त्या करायला हव्यात. पायरेट्सच्या फलंदाजांकडून ते झाले नाही. त्यांनी १६२ पैकी ७१ सामने जिंकले. १९७९ नंतर त्यांच्याकडे विजेतेपद आलेले नाही आणि २०१५ नंतर बाद फेरीही त्यांच्या वाट्याला आलेली नाही. स्कीन्सचे मूळ वेतन दहा लाख डॉलरच्या आत होते. कारण लीगमध्ये सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत खेळाडूला खुल्या बाजारात संघ निवडता येत नाही.

लीगच्या उत्पन्नवाटपाचा विचार केला, की ही गाठ उलगडते. संघांच्या स्थानिक उत्पन्नाचा मोठा हिस्सा एकत्र करून पुन्हा वाटला जातो. राष्ट्रीय प्रक्षेपणाचे पैसेही विभागून मिळतात. हरणाऱ्या संघाचा हिस्सा हरल्यामुळे बुडत नाही. ११९ पराभवांच्या वर्षातही रॉकीजच्या मैदानावर २४ लाखांहून अधिक प्रेक्षक आले. मिळालेला पैसा संघबांधणीवर खर्चण्याची निकड मालकाला वाटावी, अशी सक्ती या व्यवस्थेत दुबळी आहे. केवळ कमाल मर्यादा आणली, तर डॉजर्सचा खर्च आटेल. पिट्सबर्ग किंवा कोलोराडोचा आपोआप वाढणार नाही. वाचलेली रक्कम मालकांच्या खात्यात राहील. म्हणून कमाल मर्यादेची चर्चा व्हायचीच असेल, तर किमान खर्चाची कठोर अट आणि नवोदितांना लवकर रास्त मोबदला या दोन गोष्टी तिच्याबरोबर टेबलावर याव्या लागतील. २०२५ च्या आकड्यांचा झुकाव त्या दिशेने आहे.

आडमुठेपणाची किंमत दोन्ही पक्षांना ठाऊक आहे. १९९४ मध्ये वेतनमर्यादेच्याच वादातून खेळाडू संपावर गेले आणि त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज रद्द करावी लागली. डिसेंबर २०२१ मध्ये मालकांनी पुकारलेली टाळेबंदी ९९ दिवस चालली. आता तिकिटांच्या रांगा पुन्हा वाढल्या आहेत; २०२५ मध्ये मैदानांवरील एकूण उपस्थिती सात कोटींच्या वर गेली. त्या सात कोटींमध्ये मिलवॉकीचे प्रेक्षक आहेत, तसेच डेन्व्हर आणि पिट्सबर्गचेही. १ डिसेंबर २०२६ नंतर होणाऱ्या करारात डॉजर्सला किती रोखले यापेक्षा या शेवटच्या दोन शहरांच्या संघांना स्पर्धेत उतरणे किती भाग पाडले, यावर त्याचे मोल ठरेल.