मैदानाबाहेर जिंकलेला हंगाम

अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने २०१५ च्या हंगामात ५ सामने जिंकले, ७ गमावले. आम्हाला मात्र त्या हंगामातले दोन दिवस महत्त्वाचे वाटतात.

कॅम्पसवरील वर्णद्वेषाविरुद्ध एक कृष्णवर्णीय विद्यार्थी उपोषणाला बसला होता. ७ नोव्हेंबरला संघातील कृष्णवर्णीय खेळाडूंनी जाहीर केले : विद्यापीठाचे अध्यक्ष टिम वुल्फ पायउतार होईपर्यंत खेळणार नाही. प्रशिक्षक गॅरी पिंकेल पाठीशी राहिले. पुढचा सामना रद्द झाला असता, तर विद्यापीठाला दहा लाख डॉलर मोजावे लागले असते. ९ नोव्हेंबरला वुल्फ यांनी राजीनामा दिला.

डिसेंबरमध्ये संपकरी खेळाडूंची शिष्यवृत्ती काढण्याचे विधेयक आले आणि मागेही घेतले गेले.

मित्रांनो, आपल्या श्रमावर व्यवस्थेचे काय अडते, हे ओळखा. संघटनेचे बळ तिथेच आहे.