काका, झोपेसाठी काही गोळी चालू आहे का?

ज्येष्ठ नागरिकाचा आरोग्य विमा काढताना एजंट रक्तदाब विचारतो, साखर विचारतो, मोतीबिंदू झाला का, गुडघा बदलला का, अँजिओप्लास्टी झाली का, सगळे विचारतो. मानसिक आजाराच्या रकान्यापाशी आला की मात्र मान वर न करता स्वतःच ‘नाही’वर खूण करतो आणि पुढे सरकतो. यात लबाडी क्वचितच असते. समोर वडीलधारे माणूस बसलेले, घरात सून, नातवंडे. कशाला नको तो विषय काढायचा, एवढाच संकोच असतो. ग्राहकालाही तो सोयीचा वाटतो. पण त्या एका खुणेची किंमत पुढे ग्राहकच मोजतो, आणि ती मनाच्या आजारापुरती राहत नाही. मानसिक आजाराला विमा द्यायचा की नाही, हा वाद कायद्याने मिटवून टाकला आहे. तो विमा ज्येष्ठांच्या कामी येतो की नाही, हे मात्र अर्ज भरताना एजंट काय विचारतो आणि काय मोकळेपणाने सांगतो, यावर ठरते.

कायदा काय म्हणतो, ते आधी पाहू. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ मधले चौथे उपकलम सांगते की, शारीरिक आजाराच्या उपचारांना ज्या धर्तीवर विमा मिळतो त्याच धर्तीवर मानसिक आजाराच्या उपचारांनाही तो मिळेल, अशी सोय प्रत्येक विमा कंपनीने केली पाहिजे. विमा नियामक ‘इर्डाई’ने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपन्यांना तसे बजावले. तरी टाळाटाळ चाललीच. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका नाकारलेल्या क्लेमच्या प्रकरणात, हे बंधन कायदा लागू झाल्या दिवसापासूनचे आहे, असा निर्वाळा दिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये नियामकाला पुन्हा परिपत्रक काढून महिनाअखेरची मुदत घालावी लागली. तेव्हा ‘तुमची पॉलिसी जुनी आहे, त्यात मानसिक आजार वगळलेत’ असे आजही सांगणारा एजंट शिळी माहिती देतो आहे. कायद्यातली मानसिक आजाराची व्याख्याही ज्येष्ठांसाठी महत्त्वाची आहे. विचार, भावस्थिती, आकलन यांच्या जोडीला स्थळकाळाचे भान आणि स्मरणशक्ती यांतला गंभीर बिघाडही तीत धरलेला आहे. म्हणजे उतारवयातल्या नैराश्याबरोबर, रोजचे व्यवहार अवघड करून टाकणारा स्मृतिभ्रंशही तिच्या कक्षेत येऊ शकतो.

आता प्रश्न असा की, असे ज्येष्ठ आहेत तरी किती? देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या ‘लासी’ या वृद्धत्वविषयक राष्ट्रीय सर्वेक्षणाची पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली. ठरावीक प्रश्नावली लावून पाहिले तेव्हा साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांत तीव्र नैराश्याची लक्षणे आढळली. पण ‘नैराश्याचे निदान झाले आहे’ असे स्वतःहून सांगणारे जेमतेम ०.८ टक्के निघाले. याच सर्वेक्षणाला जोडून झालेल्या अभ्यासाने साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज दिला. नैराश्याच्या दोन आकड्यांमधली दहापट तफावत विमा एजंटाने नीट समजून घ्यावी. ती सांगते की त्रास असलेल्या बहुतेक ज्येष्ठांचे निदानच झालेले नाही. ते अर्जावर ‘नाही’ म्हणतात तेव्हा खोटे बोलत नाहीत. ज्यांचे निदान झाले आहे, औषध चालू आहे, ते थोडे आहेत; आणि लपवाछपवीचा धोका याच थोड्यांना आहे. म्हणून एजंटाला एकच ठोकळेबाज पाठ म्हणून चालणार नाही. पहिल्या गटाला विम्यात काय मिळते ते सांगायचे आहे, दुसऱ्या गटाकडून अर्जात काय लिहायचे ते काढून घ्यायचे आहे.

दुसऱ्या गटापासून सुरुवात करू. ‘तुम्हाला काही मानसिक आजार आहे का?’ असे थेट विचारले तर सत्तरीचे गृहस्थ दुखावले जातील, यात नवल नाही. पण तसे विचारायची गरजही नाही. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या लिहून घेताना त्याच ओघात म्हणता येते, ‘काका, झोपेसाठी, घबराटीसाठी काही गोळी चालू आहे का? डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर ती बघूनच लिहू.’ चिठ्ठी मागण्यात दुहेरी फायदा आहे. ज्येष्ठाला स्वतःच्या तोंडाने आजाराचे नाव घ्यावे लागत नाही आणि एजंटाला अंदाज बांधावा लागत नाही. हा अंदाज फार फसवा असतो. नैराश्यावर दिले जाणारे ड्युलोक्सेटिन मधुमेहामुळे पायांची आग होत असेल तरी देतात. अ‍ॅमिट्रिप्टिलिन अर्धशिशीतही देतात. गोळीचे नाव वाचून ‘नैराश्य’ लिहून टाकणे हे लपवण्याइतकेच चुकीचे आहे. गोळी कशासाठी दिली आहे, हे डॉक्टरांकडून एका ओळीत लिहून आणावे आणि तेच अर्जात उतरवावे. प्रश्न नेमका किती वर्षांपुरता विचारला आहे, हेही वाचावे. २०२४ च्या नियमांनुसार पूर्वीचा आजार म्हणजे पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत निदान किंवा उपचार झालेला आजार. वीस वर्षांपूर्वी येऊन गेलेले आणि पुरते बरे झालेले नैराश्य या व्याख्येत बसत नाही. अर्जात मात्र ‘कधीही’ असे विचारले असेल, तर उत्तरही तसेच खरे द्यायला हवे.

ज्यांचे निदान झालेले नाही, त्यांच्याशी बोलताना एजंटाने डॉक्टर होऊ नये. ‘काकू हल्ली फार गप्प असतात, दाखवून घ्या’ हा सल्ला शेजारी म्हणून ठीक. विमा विकणाऱ्याच्या तोंडी तो धंद्यासाठी घातलेली भीती वाटतो. त्याने पॉलिसीत काय आहे आणि काय नाही, एवढेच सांगावे, आणि ‘काय नाही’ हे आधी सांगावे. आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात. मनाच्या आजाराचा खर्च मात्र बहुतांशी दाखल न होता होतो: मानसोपचारतज्ज्ञांची दर महिन्याची फी, गोळ्या, समुपदेशनाच्या बैठका. ओपीडीचा वेगळा लाभ घेतलेला नसेल तर यातले फारसे काही मिळत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसासाठी ब्यूरोकडून ठेवलेली बाई, दिवसभराचे देखभाल केंद्र, वृद्धाश्रमाचे महिन्याचे पैसे, हा खर्च साध्या आरोग्य विम्यात नसतो. हे सांगून झाल्यावर मग जे मिळते ते सांगावे: तीव्र नैराश्यात अन्नपाणी सुटले, भ्रम होऊन माणूस आवरेनासा झाला, विद्युत उपचारांसाठी दाखल करावे लागले, तर त्याचा खर्च. त्यासाठी काही उपमर्यादा आहे का, ज्येष्ठाला स्वतःच्या खिशातून किती टक्के भरावे लागतील, जवळचे मानसोपचार रुग्णालय कंपनीच्या यादीत आहे का, हे पॉलिसीचा कागद समोर ठेवून दाखवावे. कंपनीने ग्राहकाला द्यायच्या माहितीपत्रकात या अटी थोडक्यात लिहिलेल्या असतात. ते पत्रक सहीपुरते पुढे न सरकवता वाचून दाखवले तरी अर्धे काम होते.

बोलायचे कोणाशी, हाही प्रश्न आहे. हप्ता बहुधा मुलगा भरतो. आई-वडील ज्येष्ठ असतील तर जुन्या करप्रणालीत त्याला ५० हजार रुपयांपर्यंतची वजावटही मिळते. त्यामुळे एजंट मुलाशी बोलतो आणि वडिलांपुढे फक्त सहीला कागद ठेवतो. मुलगा पुण्यात किंवा परदेशात, वडील गावी, आणि अर्ज फोनवर भरलेला, असे असेल तर वडिलांच्या उशाशी कोणत्या गोळ्या आहेत हे कोणालाच ठाऊक नसते. मानसिक आरोग्यसेवा कायद्याचा रोख असा आहे की, माहिती समजून घेऊन निर्णय घेता येतो तोवर आजारी माणसाचा निर्णयही त्याचाच. मग धडधाकट ज्येष्ठाला वगळून त्याच्या मनाविषयी दुसऱ्याने उत्तरे देणे कसे योग्य ठरेल? प्रकृतीचे प्रश्न ज्येष्ठालाच विचारावेत, आणि शक्य तो चारचौघांत नव्हे. विसरभोळेपणा दिसत असेल तर त्यांच्या संमतीने विश्वासातले एक माणूस सोबत बसवावे आणि क्लेमच्या वेळी कोणाशी बोलायचे, हे त्यांच्याच तोंडून ठरवून घ्यावे.

यावर एजंटांचा सर्वांत खरा आक्षेप पैशांचा आहे. आजार लिहिला तर हप्ता वाढेल, प्रतीक्षाकाळ लागेल, कदाचित अर्जच नाकारला जाईल. मग ग्राहक ‘काही नाही’ लिहून देणाऱ्या दुसऱ्या एजंटाकडे जाईल. हे घडते. २०१७ च्या कायद्याने समान वागणूक दिली, सर्वांना एकाच दरात पॉलिसी देण्याची सक्ती केली नाही. पण दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहावे. पूर्वीच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने आहे. तो संपला की तो आजार इतर आजारांच्या पंक्तीला बसतो. आजार लपवला तर मात्र सलग ६० महिने पॉलिसी चालेपर्यंत, माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनी क्लेम नाकारू शकते. सिद्ध झालेल्या फसवणुकीला तर तीही मुदत नाही. आणि ही तलवार केवळ मानसोपचाराच्या बिलावर पडत नाही. तिसऱ्या वर्षी हृदयविकाराने दाखल झालेल्या माणसाच्या जुन्या कागदांत नैराश्याची गोळी निघाली, तरी वाद सुरू होतो. उलट, जाहीर केलेला आजार पाहून कंपनीने पॉलिसी दिली असेल तर पुढे त्याच आजाराकडे बोट दाखवून क्लेम नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. खरे लिहिण्याचा तोटा पहिल्या दिवशी कळतो आणि मोजताही येतो. खोट्याचा तोटा रुग्णालयाच्या बिलाच्या खिडकीपाशी कळतो.

दुसरा आक्षेप असा की, हे एजंटाचे काम नाही, त्याला याचे शिक्षण नाही आणि एवढ्या वेळाचे पैसेही नाहीत. शिक्षणाची तक्रार रास्त आहे, पण तिचे उत्तर कंपन्यांनी द्यायचे आहे. आयसी-३८ ची परीक्षा उत्तीर्ण होऊन एजंट म्हणून नेमणूक झालेल्या तरुणाला सत्तरीच्या माणसाशी या विषयावर कसे बोलावे, हे कंपनीने प्रात्यक्षिक करून दाखवावे. लक्ष्य गाठण्याच्या बैठकांतून एक तास त्यासाठी सहज काढता येईल. वेळेचे म्हणाल, तर ज्येष्ठांचा धंदा नूतनीकरणावर चालतो आणि नूतनीकरण विश्वासावर. एक क्लेम नाकारला गेला की ते घरच नव्हे, सगळी सोसायटी हातची जाते. शिवाय सध्याचा काळ एजंटाला अनुकूल आहे. नवी पॉलिसी घेण्याची ६५ वर्षांची वयोमर्यादा एप्रिल २०२४ पासून उठली, जानेवारी २०२५ मध्ये नियामकाने ज्येष्ठांचा हप्ता परस्पर वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवायला मनाई केली, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. ज्येष्ठ ग्राहक वाढणार आहेत. त्यांच्याशी नीट बोलता येणे ही आता भूतदया नाही, धंद्याची गरज आहे.

ज्येष्ठ वाचकांनीही एवढे करावे: अर्ज दुसऱ्याने भरला असेल तर सही करण्याआधी प्रकृतीचा रकाना स्वतः वाचावा, नव्या पॉलिसीचा कागद हाती आल्यावर परत करण्यासाठी मिळणाऱ्या ३० दिवसांत तो तपासावा, आणि मानसिक आजार म्हणून क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून मग विमा लोकपालाकडे जावे. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत, तिथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. एजंटांना सांगणे एकच: पुढच्या नूतनीकरणाला ज्येष्ठ ग्राहकाकडे जाल तेव्हा गोळ्यांची चिठ्ठी मागा, पॉलिसीत काय नाही ते आधी सांगा आणि तो रकाना त्यांना विचारल्याशिवाय भरू नका.