चुंबकाची मोटर आणि फुकटची फेरी



होडीला चुंबकाची मोटर लावा, डिझेल नको, चार्जिंग नको, आयुष्यभर फिरत राहील, असे व्हिडिओ हल्ली मोबाईलवर सारखे येतात. डिझेलचा भाव बघितला की कुणाचंही मन हलणारच. पण माझं स्पष्ट मत आहे, असल्या मशिनीला एक रुपयाही ॲडव्हान्स देऊ नये.

हे वेड आजचं नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'त आपोआप फिरणारं चाक सांगितलंय. पोकळ आऱ्यांत अर्धा पारा भरायचा, की झालं. एवढा मोठा गणिती! पण एका बाजूचा पारा आसापासून लांब सरकून जोर लावतो, तर दुसऱ्या बाजूला जास्त पारा जमून तोल सांभाळतो. चाक थोडं फिरून थांबतं.

चुंबकाचंही तेच. आपला चोर्ला घाट बघा. कणकुंबीकडून गोव्याला उतरताना गाडी आपसूक घरंगळते, पण परत वर चढायचं म्हटलं की तेवढी सगळी ताकद मोजून द्यावी लागते. चुंबक जवळ घेताना जितका जोर देतो, तितकाच सुटताना मागे ओढून घेतो. एक फेरी पुरी झाली की शिल्लक शून्य, वर बेअरिंग आणि पाणी आपला हिस्सा खातात तो वेगळाच. कुणी म्हणेल, मग आपली मलप्रभा कशी वर्षानुवर्षं वाहते? तिचं पाणी उन्हानं समुद्रातून उचललेलं असतं. भाडं सूर्य भरतो.

'परमनंट मॅग्नेट मोटर' हे नाव मात्र खोटं नाही, आणि इथंच माणूस फसतो. इलेक्ट्रिक स्कूटरला, बीएलडीसी पंख्याला असते ती हीच. त्यात चुंबक कायमचा असतो, वीज नव्हे. चांगली मोटर १०० भाग वीज घेऊन ८५-९० भाग कामाला लावते. १०१ कधीच नाही. धरणाच्या पाण्यात आवाज नाही, तेलाचा तवंग नाही, म्हणून मला ती आवडते. फक्त हिशोब करून घ्या. १२ व्होल्ट, १०० एएचची बॅटरी म्हणजे १.२ युनिट. एका एचपीला ७४६ वॅट. नुकसान धरलं तर फार तर सव्वा तास. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणजे पाऊण तासही धरू नका. एक लिटर डिझेलात साधारण १० युनिट असतात. इंजिनानं त्यातली दोन-तृतीयांश वाया घालवली तरी तीन उरतात.

'आमचं पेटंट आहे' असंही सांगतील. १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३ प्रमाणे, निसर्गनियमाच्या उघड विरुद्ध दावा असेल तर तो शोधच धरत नाहीत. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीनं तर १७७५ सालीच असली यंत्रं तपासायचं सोडलं.

तरी विकणारा दारात आलाच, तर भांडत बसू नका. होडी पाण्यात घाला. मोटरीचं झाकण उघडून आत बॅटरी लपवलेली नाही ना बघा, बाहेरची असेल तिच्या दोन्ही वायरी स्वतःच्या हातानं काढा. आणि जाळ्यासकट तलावाच्या दोन फेऱ्या मारून दाखव म्हणावं. पैशाचं बोलणं त्यानंतर.