लीगचा हंगाम आणि गावचा चषक

भातकापणी उरकली, झोडणी झाली, की कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या रिकाम्या खाचरांना दुसरे काम मिळते. ढेकळे फोडून, पाणी मारून, रोलर फिरवून जमीन सपाट केली जाते. फक्कीच्या रेघा पडतात, बांबूंवर हॅलोजनचे दिवे चढतात. कधी ग्रामदेवतेच्या उत्सवानिमित्त, कधी पुढाऱ्याच्या वाढदिवसानिमित्त कबड्डीचा ‘चषक’ जाहीर होतो. लगतच्या गावांतली मंडळे टेम्पोत बसून येतात आणि अंतिम सामना संपेपर्यंत बांधावरची गर्दी हलत नाही.

हा गावचा हंगाम. दुसरा हंगाम दूरचित्रवाणीवरचा. २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीग आठ संघांनिशी सुरू झाली. पहिल्या वर्षी जयपूर पिंक पँथर्सने यू मुंबाला हरवले. २०१५ मध्ये अनूपकुमारच्या यू मुंबाने विजेतेपद मुंबईला आणले. २०१७ पासून संघ बारा झाले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला पुणेरी पलटणने हरयाणा स्टीलर्सवर २८-२५ अशी मात केली, तेव्हा कप्तान होता नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार.

या लीगने कबड्डीला प्रतिष्ठा दिली, हे मान्यच केले पाहिजे. तीस सेकंदांची चढाई, ‘करो या मरो’ची तिसरी चढाई, मॅटवरचे बूट या गोष्टी आता शाळकरी पोरांनाही ठाऊक आहेत. २०१९ मध्ये कोल्हापूरच्या चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईला तेलुगू टायटन्सने एक कोटी पंचेचाळीस लाख रुपयांना घेतले. गुडघे फोडून घरी येणाऱ्या मुलाला ओरडणाऱ्या आयांनाही ती बातमी ऐकून क्षणभर थांबावेसे वाटले असेल.

पण थोडे गणित मांडून पाहू. संघ बारा. एका संघात जास्तीत जास्त पंचवीस खेळाडू. म्हणजे परदेशी पाहुणे धरून साऱ्या देशातून फार तर तीनशे जण. हरयाणापासून तमिळनाडूपर्यंतची मुले याच रांगेत उभी आहेत. उरलेल्यांचे काय, हा खरा प्रश्न आहे.

युरोपात फुटबॉल असो वा बास्केटबॉल, खालच्या श्रेणीतला क्लब जिंकत जिंकत वरच्या श्रेणीत चढू शकतो. इंग्लंडच्या एफ. ए. चषकात तर लहानशा गावच्या संघाची गाठ कधी बलाढ्य संघाशीही पडते. लीग आणि चषक तिथे एकाच वाड्याचे दोन मजले आहेत. आपल्याकडे मात्र मधला जिनाच नाही. लीगचे संघ मालकांचे, खेळाडू लिलावातले. कर्जतच्या एखाद्या मंडळाने दहा चषक जिंकले तरी मंडळ जागच्या जागी राहते. नशिबाने एखादा खेळाडू निवड चाचणीतून वर उचलला जातो, इतकेच.

पूर्वी हा जिना नोकरीच्या रूपाने होता. रेल्वे, पोलीस, बँका, भारत पेट्रोलियम, महिंद्रा यांच्या संघांत जागा मिळाली की खेळ आणि संसार दोन्ही चालत. पुढे खेळाडूंच्या कायम नोकऱ्या आटत गेल्या. शासकीय सेवेत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धांची प्रमाणपत्रे लागतात. गावच्या चषकाची ढाल तिथे कामाची नाही.

मुलींची वाट आणखी अरुंद. २०१६ मध्ये लीगने महिलांसाठी तीन संघांची स्पर्धा घेतली. ती एकाच हंगामापुरती ठरली. गावात सामने मध्यरात्रीपर्यंत लांबतात, आणि ‘परत कशी येणार?’ या एका प्रश्नापाशी कितीतरी मुलींचा खेळ थांबतो.

त्यात जमिनीचा प्रश्न. द्रुतगती मार्ग झाला, मुंबईकरांची फार्महाऊसे आली, बंगल्यांच्या वसाहती आल्या. गावचे मैदान म्हणजे बहुधा कुणाच्या तरी मालकीचे खाचर. ते विकले गेले, कुंपण पडले, की सातबाऱ्यावर कुठेही नोंद नसलेले मैदानही त्यासोबत गेले. त्याची ओरड कोण करणार?

उपाय फार खर्चाचे नाहीत. तालुक्यातल्या चषकांना गुण देऊन त्यांची एक साखळी करावी आणि पहिल्या संघांना जिल्हा पातळीवर मान्यताप्राप्त स्पर्धेत खेळवावे. प्रत्येक चषकात मुलींचे सामने दिवसाउजेडी ठेवावेत. बक्षिसातली थोडी रक्कम खेळाडूंच्या विम्यासाठी काढावी. आणि ग्रामपंचायतीने एक तरी तुकडा मैदान म्हणून कागदावर आणावा.

लीगचे दिवे लिलावावर पेटतात. पण ज्या मातीत पहिली पकड शिकली जाते, ती माती राहिली तरच लिलावाला खेळाडू मिळतील. पाऊस पडला की त्या खाचरात पुन्हा भात लागेल. कापणीनंतर तिथे फक्कीच्या रेघा पडतील की तारेचे कुंपण, हे मात्र गावालाच ठरवावे लागेल.