स्मारकाचे ऋण

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजास आग लागली. कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकाच जहाजात भरण्याचा अविचार इतरांचा. त्याचे प्रायश्चित्त मात्र आग विझवावयास धावलेल्या बंबवाल्यांनी घेतले. स्फोटांत त्यांतील ६६ जण कामी आले. भायखळ्याच्या अग्निशमन मुख्यालयातील स्मारक त्यांचे आहे. तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, हे उचितच होय.

परंतु स्मारक ही ऋणाची नोंद आहे, फेड नव्हे. मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या आगीने दलप्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी हिरावून नेले. म्हणजे हे ऋण वाढतच आहे. ते फेडण्याचा मार्ग आमच्या मते अगदी घरगुती आहे. जिन्यात अडगळ रचणाऱ्या आणि गल्लीच्या तोंडाशी मोटार उभी करून बंबाची वाट अडविणाऱ्या नागरिकास स्मारकापुढे मान लवविण्याचा अधिकार कितपत पोहोचतो? दुसऱ्यांच्या बेपर्वाईपायी आणखी जवान बळी पडू नयेत, एवढेच त्या हुतात्म्यांचे आपल्याकडे मागणे असणार. पुष्पचक्र वाहण्यापूर्वी प्रत्येकाने आपला जिना मोकळा करावा.